निजामकाळातल्या विधवेची प्रेमकादंबरी लिहायचीय? आधी तिच्या भाकरीचा हिशोब मांडा, हिरो नंतर

दर पावसाळ्यात ओळखीतले लोक दिवाळी अंकाला द्यायच्या आधी आपलं लिखाण मला वाचायला पाठवतात. त्यात दोन-तीन तरी "जुन्या काळातली विधवा, तिचा संघर्ष आणि प्रेम" असतंच. गोष्ट चांगली असते हो, पण सगळ्यांची गाडी एकाच खड्ड्यात जाते. तिसऱ्या पानावर नवरा मेला, पाचव्यावर पांढरी साडी, बाराव्या पानावर देखणा मास्तर आला, आणि मग जमिनीचा वाद मास्तरनं मिटवला, दिराला मास्तरनं दम दिला, पोराला शाळेत मास्तरनं घातलं. मग बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली म्हणता ती कधी? पायच मास्तरचे आहेत!

चूक क्रमाची आहे. लोक प्रेम आधी लिहितात, आणि तिचं पोट, कागद, राहतं घर हे नंतर चिकटवतात. खाली उलटा क्रम दिलाय, मराठवाड्यापुरता. वेळ लागतो, पण तिसऱ्या ड्राफ्टला डोकं धरून बसायची पाळी येत नाही.

## टप्पा १ : साल आणि गाव पक्कं करा, "त्या काळी" चालणार नाही

एक साल निवडा. मी इथं सोयीसाठी १९१८ घेतो. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि वरून इन्फ्लुएंझाची साथ आली, घरंच्या घरं रिकामी झाली, त्यामुळं चोविशीतली बाई एका आठवड्यात विधवा झाली हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. गाव घेऊ अंबाजोगाईजवळचं.

आता लगेच वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा :

सरकारी कागदावर अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. बाई बोलताना "आंब्याला" जाईल, पण अर्जावर मोमिनाबादच येणार. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा, हिंगोली तर १९९९ चा. तेव्हा मराठवाड्यात पाचच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. एका कादंबरीत १९२० साली "लातूर जिल्ह्याचे कलेक्टर" आले होते, एका वाक्यात दोन चुका. निजामाच्या राज्यात जिल्ह्याच्या साहेबाला अव्वल तालुकदार म्हणायचे, त्याच्याखाली तालुक्याला तहसीलदार, आणि गावात माली पाटील, पोलीस पाटील, पटवारी.

सरकारी साल फसली. इसवी सन काढायचा तर फसलीत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढचे महिने असतील तर ५९१. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, पहिला महिना आजर. म्हणजे साथीत नवरा गेला तो १३२८ फसलीच्या आजरात. घरातल्या बोलण्यात मात्र आश्विन-कार्तिकच ठेवा, बायका काही आजर-बहमन करत बसत नव्हत्या.

पैसा हाली, म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया. सात हाली रुपये म्हणजे ढोबळमानानं सहा इंग्रजी रुपये, ज्याला आपल्याकडं कलदार म्हणायचे. बार्शी ही इंग्रजांची, जालन्यापलीकडं देऊळगावराजा वऱ्हाडातलं, म्हणजे तेही इंग्रजी अंमलाखाली. हद्द ओलांडली की पैसा बदलला, कायदा बदलला, आणि मधी करोडगिरीचा नाका, तिथं मालावर जकात. प्लॉटसाठी ही हद्द सोन्यासारखी आहे आणि कुणीच वापरत नाही, का ते कळत नाही!

तपासणी : तुमची नायिका पुण्याला जाते का? मग रस्ता लिहून दाखवा. अंबाजोगाईहून बैलगाडीनं लातूर, वाटेत एक मुक्काम तरी. लातूरहून बार्शी लाइटची छोटी गाडी (ती लातूरला १९११ ला आली, त्याच्या आधीचं साल घेतलं असेल तर गाडी विसरा), मग कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी. "ती रातोरात पुण्याला निघून गेली" हे वाक्य दिसलं की मी वाचणं थांबवतो.

## टप्पा २ : घर कोणतं ते ठरवा, त्यावरच अडचण ठरते

ह्यात सगळ्यात जास्त लोक घसरतात. केशवपन, लाल आलवण, सोवळं, अंधारी खोली हे सगळं मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं बघून वागणाऱ्या काही घरातलं. शेतकरी आणि कारागीर जातींत बऱ्याच ठिकाणी पाट लागायचा, त्यालाच म्होतूर म्हणायचे. तो रात्री उरकायचा, वाजंत्री नाही, सवाष्णी समोर यायच्या नाहीत, आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नाही. आणि त्याच जातीत जे स्वतःला कुळीचे म्हणवायचे, देशमुख-पाटील वगैरे, त्यांच्यात "आमच्यात पाट लागत नाही" ह्याचाच तोरा.

म्हणजे तीन घरांत तीन वेगळ्या कादंबऱ्या. ब्राह्मण घरात अडचण आहे शरीराची आणि उंबऱ्याची. कुळीच्या घरात ती पडद्याची आणि इभ्रतीची. साध्या कुणब्याच्या घरात उलटंच, लोक तिला पाट लाव म्हणून मागं लागतात आणि हिला नको असतो, कारण पाट लावला की बहुतेक वेळा पोरं पहिल्या घरात राहणार आणि जमिनीवरचा हात जाणार. ही तिसरी कादंबरी मला कुणीतरी पाठवावी म्हणून मी कधीचा वाट बघतोय.

सावधान : पांढरी साडी नेसवायची घाई करू नका. तुमच्या निवडलेल्या घरात विधवा काय नेसायच्या हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा.

## टप्पा ३ : कागद

प्रेमकथेत कागद कशाला म्हणाल, तर कागदाशिवाय तिला गमावण्यासारखं काही उरतच नाही, आणि मग शेवटचा निर्णय फुकटचा होतो.

पहिला प्रश्न : नवरा भावांपासून वाटणी करून वेगळा झाला होता, का एकत्रातच मेला? एकत्रात मेला आणि मुलगा नसेल, तर तिला फक्त अन्नवस्त्र. फार तर चोळीबांगडीला म्हणून एक तुकडा लावून द्यायचे. वाटणी झालेली असेल आणि मुलगा नसेल, तर नवऱ्याचा हिस्सा तिच्याकडं यायचा, पण हयातीपुरता. खायचा, वाहायचा, पण मनाला येईल तसा विकायचा नाही, तिच्यामागं तो परत नवऱ्याच्या भाऊबंदांकडं. म्हणून तर भाऊबंद दत्तक घे म्हणून मागं लागायचे, अर्थात आपलाच पोरगा. मुलगा असेल तर जमीन मुलाची आणि ती पालक, आणि लेकराच्या नावावरून चुलते कसं घर चालवतात ते सांगायला नकोच.

दुसरा प्रश्न, कायदा कोणाचा? विधवा पुनर्विवाहाचा १८५६ चा कायदा इंग्रजी मुलखाचा. निजामाच्या राज्यात तो आपोआप लागू होत नव्हता, त्यामुळं तुमच्या वकिलानं मोमिनाबादच्या कोर्टात उठून त्याचा दाखला दिला की गडबड झाली. आणि बरेच जण त्या कायद्याला वरदान समजतात, त्यात दुसरं कलम असं की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क संपला. १९३७ चा स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदासुद्धा ब्रिटिश इंडियाचा. पूर्ण मालकी मिळाली ती १९५६ ला. १९१८ च्या बाईच्या तोंडी "हा माझा कायदेशीर हक्क आहे" हे वाक्य घालताना दहादा विचार करा.

तिसरा, कागद वाचतं कोण? कोर्टकचेरीची भाषा उर्दू, पटवाऱ्याचं दप्तर मोडीत, बाईला दोन्ही येत नाही. आमच्या घरात पणजीच्या वेळचा एक कागद आहे, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. ज्याला सही येत नाही त्याची निशाणी काढायची पद्धत होती, कुणब्याची नांगर, बाईची बांगडी. तर पणजीच्या नावापुढं टाकानं काढलेली एक गोल बांगडी आहे, एका बाजूला शाई जरा पसरलेली. आजोबांनी तो कागद मला वाचून दाखवला तेव्हा सहज म्हणाले, की हा कागद झाला तेव्हा आईच्या हातात बांगडी नव्हती, बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. म्हणजे बांगड्या फोडलेल्या बाईच्या नावापुढं लिहिणाऱ्यानं बांगडी काढली, कारण बाईची निशाणी म्हणजे बांगडीच. मी कितीही डोकं लढवलं असतं तरी असला सीन मला सुचला नसता. तुमच्याही घरात ट्रंकेत असं काहीतरी असेल, आधी ते काढा आणि मग लिहायला बसा.

तपासणी : एका ओळीत लिहा, "आज तिच्या नावावर काय आहे, कशानं जाईल, आणि ते कोणाला मिळेल." लिहिता आलं नाही तर पुढं जाऊ नका.

## टप्पा ४ : भाकरीचा हिशोब

आता एक कोरं पान घ्या, नाहीतर एक्सेल उघडा. एक बाई आणि एक लेकरू धरू. दिवसाला पाऊण किलो ज्वारी, वर्षाला पावणेतीनशे किलो, म्हणजे पावणेतीन क्विंटल. कोरडवाहू जमीन, साधारण साल, एकरी दोन क्विंटल धरा. बाई स्वतः औत हाकत नाही, बैल नाहीत, म्हणून बटईनं दिली, अर्धं बटईदाराचं. तिच्या वाट्याला एकरी एक क्विंटल. म्हणजे नुसत्या भाकरीला पावणेतीन एकर! त्यात मीठ नाही, करडईचं तेल नाही, लुगडं नाही, सारा नाही. आता दिरानं चोळीबांगडीला दोन एकर दिले असं तुम्ही लिहिलं असेल, तर वर्षातले तीन-साडेतीन महिने तिच्या घरात दाणा नाही, आणि तुमची कादंबरी नेमकी त्या महिन्यांत घडते. शाळू निघतो फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे तंगी येणार दिवाळीपासून नवा शाळू घरात येईपर्यंत. तेव्हाच कापसाची वेचणी असते. बघा, तिला काम पण मिळालं आणि घराबाहेर पडायचं कारण पण.

हे आकडे मी हिशोबापुरते धरलेत, तुमच्या गावची जमीन काळी का मुरमाड ते बघून बदला. मापं मात्र कादंबरीत शेर, पायली, मण अशीच ठेवा, किलो फक्त तुमच्या वहीत.

आता कमाई. कृपा करून शिलाई मशीन आणू नका, दहातल्या आठ कादंबऱ्यांत तेच आहे. म्हैस घ्या आणि तूप विका. परभणी, जालना, सेलू ह्या बाजूला कथा असेल तर जिनिंगमध्ये बायका कामाला होत्या. कचेरीच्या गावात वकील आणि पेशीला आलेली माणसं जेवायची कुठं, तर खानावळ. सुईणपण आहे. शेवया, पापड, कुरडया आहेत, पण तो उन्हाळ्याचा धंदा, वर्ष निघत नाही. पैठणला विणकरांच्या घरात बायका रेशीम उकलणं, कांड्या भरणं अशी कामं करायच्या, पण त्यासाठी तिला त्या घरात ओळख पाहिजे, उगाच बाहेरून येऊन मागावर बसली असं होत नाही.

आणि हिंगणे! पुण्याजवळचा कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ चा, त्यामुळं १९१८ ला तिथं पाठवता येतं, पण सुरुवातीच्या काळात तिथं बहुतेक ब्राह्मण विधवा होत्या, आणि खर्च कोण देणार हा प्रश्न आहेच. अडचण आली की नायिकेला हिंगण्याला पाठवायचं हे लेखकाचं पळून जाणं झालं.

सावधान : शेतात सोयाबीन दिसलं की कादंबरी गेली. हसू नका, मागच्याच वर्षी वाचलंय. १९१८ ला ज्वारी, बाजरी, कापूस, तूर, करडई, जवस, अंबाडी.

तपासणी : हिरोचं नाव पुस्तकातून खोडून टाका. बाई वर्षभर जगते का? जगत असेल, अर्धपोटी का होईना, तर पुढचा टप्पा.

## टप्पा ५ : आता त्याला आणा

तो कोण हे ठरवताना एकच बघा, रोजच्या कामात त्याची आणि तिची गाठ पडते का. मास्तर सोडून बघा जरा. अडतीवरचा मुनीम, टपालवाला, करोडगिरीच्या नाक्यावरचा कारकून, बार्शीहून मीठ-गूळ आणणारा गाडीवान. आणि त्याला तिची काहीतरी गरज पाहिजे, तिनं दिलेलं काहीतरी त्यानं घेतलं पाहिजे.

एकांत विसरा. गावात बाई एकटी नसतेच. आडावर, आठवडी बाजारात, देवळात, सगळीकडं चार डोळे जास्तच. म्हणून प्रेम गर्दीत, वस्तूंवरून आणि आवाजावरून लिहावं लागतं. "त्यांची नजरानजर झाली आणि वेळ थांबली" ह्याच्यापेक्षा माप जास्त काम करतं. नमुना म्हणून हे बघा, आमच्या अभ्यासवर्गात मी हेच फळ्यावर लिहितो :

मुनीमानं पायली भरली. वर शीग लावली, चांगली उंच. तिनं पदर पुढं ओढला आणि तळहातानं शीग सपाट केली, दाणे पोत्यात परत पडले.
"मापात द्या मुनीमजी. शीग फेडाया मपल्याकडं काय न्हाई."
"फेडा कोण म्हणालंय बाई?"
"आज न्हाई म्हणालं कोणी."
दुसरी पायली त्यानं स्वतःच काठोकाठ सपाट भरली. दुकानातली माणसं बघत होती. पुढच्या बाजारी पण सपाटच भरली, आणि त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

ह्यात कुणी कुणाला वाचवलं नाही. त्यानं तिचं ऐकलं, बस. आख्ख्या कादंबरीत असे सहा-सात प्रसंग ठेवा, मध्ये अंतर ठेवून, आणि प्रत्येकात माप, पैसा, कागद, नाहीतर पाणी असलं काहीतरी हाताला लागणारं ठेवा.

चिठ्ठ्या लिहायच्या असतील तर दोन गोष्टी. तिला वाचता येतं का, नाहीतर चिठ्ठी दुसरंच कोणी वाचणार. आणि टपाल, निजामाच्या राज्याचं स्वतःचं टपाल आणि स्वतःचं तिकीट होतं, ते राज्याच्या आतच चालायचं. बार्शीहून आलेल्या पाकिटावरचं वेगळं तिकीट दिराला लांबूनच ओळखू येईल, हे वापरा की!

सामान्य चूक : वाड्याच्या माडीवर दोघं रात्री तासभर बोलत बसतात आणि कुणालाच कळत नाही. अहो, आमच्या गल्लीत आजसुद्धा कळतं.

## टप्पा ६ : भाषा

निवेदन तुमचं तुम्हाला जमेल त्या भाषेत. संवाद मराठवाडीत, पण कुठल्या मराठवाड्याच्या? लातूर-उस्मानाबादकडं "काय करूलालास", परभणी-नांदेडकडं "काय करायलास", बीडकडं "मपलं-तुपलं". "करून राहिला" आला की तुम्ही वऱ्हाडात गेलात, आणि "काय रं भावा" आला की कोल्हापुरात. सगळ्यांच्या तोंडी सारखंच गावरान घालू नका, पटवारी वेगळा बोलतो, मुनीम वेगळा.

कचेरीचे उर्दू शब्द आपल्या बोलण्यात अजून आहेत, मिसल (म्हणजे खटल्याची फाईल), पेशी, मुन्सफ, वकालतनामा, ते बिनधास्त वापरा. पण बाईला ते पहिल्यांदा कळत नाहीत आणि शंभर पानांनंतर ती स्वतः "माझी मिसल कुठाय?" असं विचारते, एवढ्या एका वाक्यात तिचा प्रवास दिसतो, वेगळं भाषण नको.

## टप्पा ७ : शेवट, किंमत मोजून

टप्पा ३ मधली ती एक ओळ आता समोर ठेवा. शेवट तीनच प्रकारचे होतात. पाट लावला, तर जमीन गेली आणि बहुधा लेकरू पण. लावला नाही आणि नातं तसंच ठेवलं, तर जमीन राहिली पण गाव गेलं. हद्द ओलांडून बार्शीला गेली, तर इथलं सगळं गेलं आणि तिथं शून्यापासून, खिशात हाली आणि बाजारात कलदार. तिन्ही चालतील. चालणार नाही ते हे, की दिराचं अचानक हृदयपरिवर्तन झालं, अव्वल तालुकदारानं न्याय दिला, जमीनही मिळाली आणि मुनीमही मिळाला. माझं स्वतःचं मत विचाराल तर निर्णय तिनं घ्यावा आणि त्याला तो नंतर कळावा.

## टप्पा ८ : ड्राफ्ट तपासणं

महिनाभर बाजूला ठेवा. मग फक्त एवढ्यासाठी वाचा, की प्रत्येक प्रकरणात अडचण कोणी सोडवली. पेन्सिलनं समासात "ती" किंवा "तो" लिहा. "तो" तीनपेक्षा जास्त झाले तर ती प्रकरणं परत लिहा. दुसऱ्या वाचनात फक्त तारखा, पिकं, पैसा. तिसरं वाचन तुम्ही करायचं नाही, एखाद्या वयस्क बाईला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि ती मध्ये बोलली की वाद घालायचा नाही, लिहून घ्यायचं.

मी माझं आत्याला वाचून दाखवलं होतं. वाती वळत ऐकत होती, साठ-सत्तर पानं काही बोलली नाही. मला वाटलं रंगली. मग एकदम म्हणाली, "आरं, ती विहीर भाऊबंदात, आन् भांडण होऊन तिला चार दिस झाले. पाणी कोण आणायलंय तिच्या घरात?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. विहीर बंद झाली तर ती पहाटे गावाबाहेरच्या आडावर जाणार, तिथल्या बायका तिला आधी भरू देणार का मागं थांबवणार, तिची घागर तांब्याची का मातीची, सगळंच नव्यानं ठरवावं लागलं. एक आख्खं प्रकरण वाढलं. आता छापायला दिलंय त्यात मुनीम पहिल्यांदा दिसतो तो दुकानात नाही, त्या आडावर, बैलांना पाणी पाजताना, आणि ती रांगेत शेवटून दुसरी उभी आहे.